एकविसावं पाणी

वाळू धुतल्यावर शेवटच्या बादलीतलं पाणी ओंजळीनं पिऊन दाखवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावा की त्याला डॉक्टरकडे न्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमचे सुभेदार पीत असत. सांगलीच्या आमच्या बिल्डिंगच्या मागच्या नळाखाली उकिडवे बसायचे, कणीक मळावी तशी बादलीतली वाळू मळायचे, गढूळ पाणी नारळाच्या बुडात ओतायचे आणि पुन्हा नळ सोडायचे. दहाव्या पाण्याला मी वरून ओरडायचे, "अहो सुभेदार, पुरे की आता! पूजेला बसवायचीय का वाळू?" मान वर न करता उत्तर यायचं, "आवं बाई, एकवीस पाणी. वीस न्हाई, बावीस न्हाई." आणि एकविसावं पाणी ते खरंच प्यायचे. मिशा पुसून म्हणायचे, "जे आपल्या पोटात जात न्हाई, ते दुसऱ्याच्या घरात कशाला घालायचं?"

दुसऱ्याचं घर म्हणजे माशांचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे काल साताऱ्याच्या घरी गच्चीवर मी स्वतःच बादली घेऊन बसले होते. चौदाव्या पाण्याला कंबर बोलायला लागली. सून म्हणाली, "आई, धुतलेली वाळू पाकिटात मिळते हो." मी म्हटलं, "गप्प बस. एकवीस व्हायचीत अजून." बोलले आणि माझं मलाच हसू आलं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी, पण वाळू धुवायला शिकवलं ते दहावी नापास हणमंतराव सुभेदारांनी.

ते मूळचे कोरेगावकडचे. घरी ऊस, दोघे भाऊ रानात आणि हे फौजेत. नद्यांवर पूल टाकणाऱ्या पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढली. बायकोचं, शालनवहिनींचं माहेर सांगलीचं, म्हणून पेन्शनीत आल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजला घेतला. बिल्डर दुसरा मजला देत होता. पण सुभेदारांना पायाखाली जमीन पाहिजे होती. "वर काय हाय? वारा. वाऱ्यात काय उगवतं?" असा त्यांचा हिशेब.

बारा महिने खाकी हाफ पँट. चहाचं बोलावणं "सोळाशेला या" असं, म्हणजे चार वाजता. आणि खिशात कायम खडूचा तुकडा. दिसेल त्यावर खूण करायची. गॅस सिलिंडर लावला की त्यावर तारीख, दुधाच्या पातेल्यावर उकळायच्या आधीची रेघ, जिन्यातल्या सैल फरशीवर फुली. तीस वर्षं खडूवर पोट भरलं मी, पण माझ्या पदरालाही एवढा खडू कधी लागला नव्हता. वहिनी ओल्या फडक्यानं मागोमाग पुसत जायच्या आणि म्हणायच्या, "ह्येंनी मला पण रेघ मारून ठेवली असती, पर मी हलती ना."

कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीला नवीन नाही. दर पावसाळ्यात ते कोपऱ्यापर्यंत येतं, माणसं छत्र्या घेऊन बघायला जातात, घरी येऊन भजी खातात. त्या वर्षी ते कोपऱ्यावर थांबलं नाही. सुभेदारांनी आदल्या दिवशीच भिंतीवर खडूनं यादी केली आणि एकेक वस्तू वर आमच्याकडे आणली. गॅस, टीव्ही, धान्याची पोती, वहिनींचं शिलाई मशीन. यादीतल्या प्रत्येक नावावर काट मारली, शेवटी "ऑल ओके" म्हणाले आणि वहिनींना हाताला धरून वर घेऊन आले. मग चार दिवस आम्ही चौघं, म्हणजे ते दोघं, मी आणि आमचे हे, वरच्या खिडकीतून खाली बघत बसलो. पाणी तळमजल्यावर छातीएवढं होतं. पहिल्या संध्याकाळी वहिनी एकदाच म्हणाल्या, "आवं, पलंगाखालची ट्रंक?"

सुभेदारांनी यादी आठवली. ट्रंक यादीत नव्हती. "जुन्या वाकळा असतील त्यात, म्हणून राहू दिली," म्हणाले.

वहिनी खिडकीपाशी जाऊन बसल्या. चार दिवस तिथून हलल्या नाहीत. पाणी उतरल्यावर आम्ही खाली गेलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ. ट्रंक काठोकाठ भरलेली, आणि त्या गाळात कागदाचा नुसता लगदा. सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षांत पाठवलेलं एकूण एक पत्र वहिनींनी वर्षावार सुतळीत बांधून त्या ट्रंकेत ठेवलं होतं. सुतळ्या तेवढ्या सापडल्या. सुभेदारांना हे माहीतच नव्हतं.

"वर्षातनं दोन महिने हे घरी. बाकीचे दहा महिने माझा नवरा ह्या ट्रंकेत व्हता, बाई," वहिनी मला म्हणाल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. आठव्या दिवशी त्यांनी बॅग भरली आणि लेकीकडे साताऱ्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "ह्या चिखलात मी परत पाय ठेवायची न्हाई." आणि मी, शहाणी! मीच त्यांना म्हटलं, "जा हो वहिनी, डोकं शांत होईल." ते वाक्य मला पुढे कित्येक महिने खात होतं.

त्या संध्याकाळी सुभेदार जिन्यात बसले होते. मला विचारतात, "काय लिवलं व्हतं ओ त्यात?"

"मला काय विचारता? तुम्हीच लिहिलंत ना?"

"आवं, काय असणार! मी खुशाल हाय. हितं थंडी लय हाय. गाय व्याली का, कळव. दर पत्रात त्येच. असलं कुणी जपून ठेवतं व्हय?"

माझं डोकं फिरलं. "ज्याला दुसरं काही मिळत नाही ना सुभेदार, तो ठेवतो जपून!" असं म्हणून मी दार आपटून आत गेले. दार आपटल्याचं नंतर वाईट वाटलं, बोलल्याचं नाही.

दुसऱ्या दिवशी गाळ काढायला माणसं आली. घरातला सगळा गाळ त्यांनी ट्रॉलीत भरला. ट्रंकेतला मात्र सुभेदारांनी कुणाला हात लावू दिला नाही. तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत तो स्वतःच्या हातानं भरला, झाकणं लावली आणि दोन्हीवर खडूनं लिहिलं, 'ट्रंक'. मी म्हटलं, "अहो, गटाराचं पाणी मिसळलंय त्यात, फेकून द्या." तर मलाच म्हणाले, "बाई, नदीकाठच्या मळीच्या रानासाठी भाऊ भाऊ कोर्टात जात्यात. तीच मळी फुकट घरात आली तर आपण बोंब मारतो."

लेकीचं म्हणणं साधं होतं आणि खोटं नव्हतं. "आप्पा, किती वर्षं पाण्याची वाट बघत बसणार? फ्लॅट विकू, तुम्ही दोघं इकडे या." तिनं गिऱ्हाईकही बघून ठेवलं. गुढीपाडव्याला ती आईला घेऊन येणार, उरलीसुरली भांडी नेणार आणि किल्ली देऊन टाकणार असं ठरलं. सुभेदारांनी एवढीच अट घातली की शालननं एकदा आत येऊन घर बघायचं आणि मग सांगायचं. ती नको म्हणाली तर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण साताऱ्याला लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर हा माणूस काय करणार होता, ते मला दिसत होतं. गॅलरीतल्या कठड्यावर खडूनं रेघा मारत बसला असता.

आता काचेची पेटी. तीसुद्धा पुरानंच दिली. कुणाच्या तरी घरातली माशांची मोठी रिकामी पेटी तरंगत आली आणि आमच्या गेटात अडकली. सुभेदारांनी आठ दिवस गल्लोगल्ली फिरून मालकाचा शोध घेतला. कुणी पुढं आलं नाही, तेव्हा ती धुऊन-पुसून घरात ठेवली आणि तिच्याकडे दोन दिवस बघत बसले. तिसऱ्या दिवशी सोळाशेला वर आले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "बाई, शालन चिखलाला भ्याली. तिला चिखल काचेतनं दावतो. काचेतनं माणूस वाघबी बघतो."

"ट्रंकेतला गाळ घालणार? आणि तिला कळलं तर?"

"तवाचं तवा बघू."

कल्पना चांगली होती. करणी मात्र अस्सल उसाच्या घरातली. दिवाळीच्या आधी मी खाली डोकावले आणि चकितच झाले. पेटीत एका डब्यातला थोडा गाळ, त्यावर बांधकामाची न धुतलेली वाळू, आणि त्या वाळूत सुभेदारांनी चक्क सऱ्या पाडल्या होत्या! उसाच्या रानात असतात तशा, एका मापाच्या, दोरी लावल्यासारख्या. सरीच्या पोटात शाळेच्या प्रयोगाला वापरतो त्या हायड्रिलाच्या काड्या, कांड्या पुरल्यासारख्या आडव्या पुरलेल्या.

"हे काय आहे?"

"लागण."

"आणि हा वास कसला?"

"बेसल डोस दिलाय. शेणखत, आन् मूठभर युरिया."

मी कपाळावर हात मारला. पण तोवर उशीर झाला होता. मातीला पाणी लागलेलं, वरून बादली ओतलेली, त्यात आठ गप्पी मासे सोडलेले. सकाळी पेटी दुधाळ, दुपारी पिवळी, आणि दोन दिवसांत तिचं पाणी डबक्यासारखं हिरवं झालं. आठही मासे गेले. सुभेदारांनी त्यांना नारळाखाली पुरलं आणि काचेवर खडूनं लिहिलं, 'फेल'. नंतर तीन दिवस सोळाशेला वर आले नाहीत. चौथ्या दिवशी मीच चहाचा कप घेऊन खाली गेले आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात बोलले.

"सुभेदार, हा ऊस नाही. उसाला पोट मोठं असतं, दिलं तेवढं खातो आणि जास्तीचं पाण्याबरोबर खाली निघून जातं. इथं खाली काच आहे. जास्तीचं कुठं जाणार? माशांच्या नाकातोंडात."

ते सावधान उभे राहून ऐकत होते. साठी उलटलेला माणूस, मिशा पांढऱ्या, आणि चेहरा पाढा चुकल्यासारखा. म्हणाले, "हुकूम. आता काय करायचं?"

"काही करायचं नाही. थांबायचं."

"आसं म्हना की! थांबाय येतं मला. पूल टाकताना आमचा साहेब म्हणायचा, नदीला घाई असती, आपल्याला नसावी." आणि त्यांनी 'फेल' पुसलं.

तिथून पुढचं सगळं मी वरून, जिन्यातून आणि दारातून बघितलं. पेटी रिकामी केली, धुतली. दुसरा डबा उघडला, तो शिगोशिग भरलेला. गाळ घमेल्यात भिजवायचा, ढवळायचा, वर तरंगतं ते काढायचं, पाणी निवळू द्यायचं, ओतायचं, मग उरलेलं गच्चीवर ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवायचं. खडखडीत वाळलं की पुन्हा भिजवायचं. असं चार वेळा. मी म्हटलं होतं तीनदा, त्यांनी एक जादा धरलं. पौषातलं ऊन, गच्चीवर बायका पापड घालायला येत. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकीनं विचारलं, "सुभेदार, काय घातलंय वाळत?" हे गंभीरपणे म्हणाले, "गाळाचे सांडगे." तिनं दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ते कशात टाकतात म्हणून.

वाळलेली ढेकळं फोडून चाळायला त्यांनी वहिनींची रव्याची चाळण घेतली. ती घेतली ते घेतली, वर फोनवर सांगितलं! रोज अठराशेला, म्हणजे संध्याकाळी सहाला, साताऱ्याला फोन असायचा. फोन स्पीकरवर आणि आवाज परेड ग्राउंडवरचा, त्यामुळे अख्ख्या जिन्याला ऐकू जायचं. सुरुवातीला पलीकडून फक्त "हं" यायचं. चाळणीचं ऐकल्यावर मात्र वहिनींचा आवाज कडाडला, "माझी रव्याची चाळण? चिखलाला?"

"वाळलेला हाय, शालन. चिखल न्हाई."

"हितं आल्यावर नवी घ्यायची. ती तिकडंच ऱ्हाऊ द्या." मग, "वरचं तरंगतं ते काढता का? ताकावरचं लोणी काढतात तसं अलगद काढायचं. ढवळलं की परत बसतं खाली."

मी जिन्यात उभी होते, हातातली भाजीची पिशवी तशीच. ज्या बाईला त्या घराचं काही घेणंदेणं उरलेलं नाही, ती बाई तरंगलेलं कसं काढायचं ते सांगत नाही. एक होतं, गाळ कुठला ते सुभेदारांनी तिला सांगितलं नव्हतं. 'नदीचा' एवढंच.

रथसप्तमीच्या सुमाराला पेटी मांडली. काचेवर बाहेरून खडूच्या दोन रेघा. खालच्या रेघेपर्यंत गाळ, दोन पेरं जाडीचा. पुढच्या काचेशी बोटभर जागा मोकळी सोडलेली, कारण मातीची कड काचेला लागली की तिथंच हिरवं धरतं, हे त्यांना पहिल्या खेपेला कळलं होतं. त्यावर एकवीस पाण्यांची वाळू, मागं उंच, पुढं उतरती. वाळूवर मी लिंबू पिळून बघितलं, फेस आला नाही, म्हणजे चुनखडी नव्हती. माझं योगदान तेवढंच. मग त्यांनी वाळूवर जेवणाचं ताट पालथं ठेवलं आणि तांब्यानं, धार ताटावर पडेल अशी, पाणी सोडायला सुरुवात केली. सकाळी नऊला बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत तांब्या, बादली, तांब्या. एक कण हलला नाही. पाणी वरच्या रेघेपर्यंत आलं तरी तळाची वाळू मोजता येईल इतकं स्वच्छ होतं. सऱ्या नव्हत्या. मी मुद्दाम विचारलं, "लागण सरळ ओळीत नाही केलीत?" लाजले आणि म्हणाले, "मागल्या बाजूला एकच वळ केलीय. हात ऐकत न्हाई ओ."

मासे मात्र नाहीत. महिना झाला तरी नाहीत. येणारा-जाणारा विचारायचा, "सुभेदार, मासे कुठायत?" उत्तर ठरलेलं, "मासा पावना हाय. पावन्याच्या आधी घर सारवाय नको?" दर दोन दिवसांनी वहिनींची विणायची सुई घेऊन वाळूत हळूच खुपसायचे. बुडबुडे यायचे, नासक्या अंड्याचा वास यायचा. "पोट साफ करतोय तिचं," म्हणायचे. हळूहळू वास गेला, बुडबुडे कमी झाले, हायड्रिलानं अंग धरलं, शेजारी लावलेलं लांब पात्यांचं गवत वरपर्यंत पोचलं. पाडव्याला पंधरा दिवस उरले तेव्हा त्यांनी दहा गप्पी आणले. पहिल्या रात्री ते झोपले नसणार, कारण सकाळी दार उघडलं तर पायरीवर उभे. "बाई, धाच्या धा हजर!" मी देवापुढं साखर ठेवली. माशांसाठी साखर ठेवणारी बाई मी नव्हे, पण ठेवली.

पाडव्याला लेक वहिनींना घेऊन आली. वहिनी उंबऱ्यापाशी थांबल्या, चपला काढल्या आणि पाय अगदी मोजून टाकत आत आल्या, फरशी ओली आहे की काय अशा. मी दारातच थांबले. त्यांनी भिंती बघितल्या, स्वयंपाकघर बघितलं, मग पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. दुपारचं ऊन खिडकीतून पाण्यात येत होतं. हायड्रिलाच्या पानापानावर बारीक बुडबुडे धरले होते आणि एकेक सुटून वर जात होता.

त्यांनी विचारलं, "माती कुठली म्हनाला?"

मी सुभेदारांना डोळ्यांनी खुणावत होते की बाबा, नदीची म्हण आणि मोकळा हो. पण खोटं बोलायची सवय नाही ना मेल्याला! सरळ उभे राहिले, नजर समोर. "ट्रंकेतली."

लेकीच्या हातातलं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. वहिनी वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माझी पत्रं तुमी परत पाण्यात घातली?"

"व्हय."

"कशापाय?"

"फेकाय हात धजंना. आन् डब्यात ठिवून काय करू? मला... मला ठावंच न्हवतं, शालन, तू ठिवलीस म्हनून. ठावं असतं तर शेवटल्या ओळीत काय तर बरं लिवलं असतं."

मला वाटलं, संपलं. आता बाई बॅग उचलणार. वहिनी मात्र खाली वाकल्या, नाक काचेला लागेल इतक्या. गवताच्या मुळाशी, वाळूला अगदी लागून, पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं. मग आणखी एक. मग सात-आठ. गप्पी अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. ते मी वर्गात शंभरदा सांगितलं असेन, पण त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं.

"आवं," त्या म्हणाल्या, "व्याली की ही."

"कवा?" सुभेदार ओरडलेच.

आणि वहिनींना हसू फुटलं. अठ्ठावीस वर्षं प्रत्येक पत्रातून या माणसानं तेच विचारलं होतं, आणि उत्तर देताना तो कधी समोर नव्हता. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग जे आठ महिने राहिलं होतं ते रडू आलं. सुभेदारांना काय करावं कळेना, त्यांनी खिशातला खडू काढला आणि नुसता हातात धरून उभे राहिले. वहिनींनी डोळे पुसले, बाही वर केली, पेटीत कोपरापर्यंत हात घातला आणि तरंगत आलेली एक काडी वाळूत दाबून बसवली. म्हणाल्या, "जरा खोल लावता येत न्हाई व्हय?"

लेक शहाणी पोरगी. तिनं पातेली परत फळीवर लावली. त्या दिवशी वहिनी आठ दिवसांसाठी म्हणून राहिल्या. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला, आणि गिऱ्हाइकाला लेकीनंच फोन करून नाही म्हणून सांगितलं. माझ्या मानेवरचं इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं. आमचे हे म्हणाले की तू हल्ली दारं आपटत नाहीस.

पण खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात झाली. पाणी पुन्हा चढलं. कोपरा गेला, गेट गेलं. सुभेदारांनी यादी केली. या वेळी यादी वहिनींनी सांगितली आणि त्यांनी लिहिली. सगळं वर आलं. पेटी उचलता येण्यासारखी नव्हतीच, ती खालीच. लेक फोनवर रडत होती, आईला साताऱ्याला पाठवा म्हणून. मी वहिनींना विचारलं, जाता का? या वेळी 'जा' म्हणायची माझी छाती नव्हती. त्या म्हणाल्या, "पावन्यांना टाकून?" आणि जिन्यात बसून राहिल्या.

सुभेदार दर तासाला खाली जाऊन पायरीवर खडूनं रेघ मारून येत. रस्त्यावरून त्यांच्या दाराला तीन पायऱ्या. पहिली गेली. संध्याकाळी दुसरी ओली झाली. आम्ही चौघं रात्रभर जिन्यात. उजाडता उजाडता सुभेदार खाली गेले, आणि त्यांची हाक आली ती अख्ख्या गल्लीनं ऐकली असेल, "बाई! शालन! रेघ कोरडी हाय!" दुसऱ्या पायरीवरची रेघ पाण्याच्या वर दोन बोटं दिसत होती. तिसरीला पाणी लागलंच नव्हतं. मी तशीच आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. इतकं हलकं मला मुलाच्या बाळंतपणानंतर वाटलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

त्या दसऱ्याला आम्ही मुलाकडे साताऱ्याला आलो. निघताना सुभेदार-वहिनींना भेटलो, डबे दिले-घेतले, फोन तर अजून होतात. पण सुभेदार म्हटलं की मला तो निरोप आठवत नाही. आठवतं ते पाणी पूर्ण उतरलं त्या दिवशीचं. सकाळची वेळ होती. मी दूध आणायला खाली आले. दुसऱ्या पायरीवर चार बोटं गाळ बसला होता, गुळगुळीत, अजून ओला. सुभेदार हाफ पँटीत, खाली वाकून, दोन्ही हातांनी तो गोळा करत होते. आणि ह्या चिखलात परत पाय ठेवायची नाही म्हणालेल्या वहिनी त्यांच्यासमोर, साडी वर खोचून, घोट्याइतक्या चिखलात अनवाणी उभ्या होत्या. हातात तेलाचा रिकामा डबा होता. मला बघून म्हणाल्या, "बाई, औंदाचा गाळ लय बारीक हाय ओ. चाळाय पण लागायचा न्हाई."

"एकदा चाळायचा," खालून सुभेदार म्हणाले.

"माझ्या रव्याच्या चाळणीला हात लावून तर बघा," वहिनी म्हणाल्या आणि डबा त्यांच्यासमोर आणखी खाली धरला.